काळ्या करवंदांचा गुण

न्हाणीमागच्या दगडावर मुंग्यांची रांग लागली होती. शर्मिला हंडा घासायला म्हणून तिथे वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. पहाटे उठल्यावर तिचा नवरा त्या दगडाशी लघवीला बसायचा. काल तिने बादलीभर पाणी ओतून दगड धुतला होता. आज पुन्हा मुंग्या, आणि कालच्यापेक्षा दाट. तिच्या वडलांच्या शेवटच्या उन्हाळ्यात माहेरच्या न्हाणीमागेही अशाच मुंग्या यायच्या, आणि आई कोणाला न सांगता त्यांच्यावर राख टाकायची.

"अहो, हय मुंगयो लागल्यात बघा."

हरिश्चंद्र पडवीत बसून आकडीच्या टोकाला सुतळी आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"लागांदेत. उन्हाळो आसा. पाण्याक येतत."

"पाण्याक नाय, साखरेक येतत त्यो."

"माझी साखर खंय रवली आता? चल गो, ऊन चढला काय करवंदा नरम पडतत."

टोपली डोकीवर घेऊन तो पुढे निघालाही. शर्मिला मागून चालू लागली. चालताना तिचं लक्ष त्याच्या पाठीवर होतं. सदऱ्याला खांद्यात पूर्वी घड्या नव्हत्या. आता कापड सैल होऊन काठीवर वाळत घातल्यासारखं लोंबत होतं. हे कधी झालं? रोज बघणाऱ्या माणसाला ते दिसत नाही, हेच खरं.

घरामागून वर चढलं की सडा लागायचा. मैलभर काळा खडक, वणव्याने जळलेलं गवत आणि मध्ये मध्ये करवंदांच्या जाळ्या. पलीकडे खाली मालवणचा समुद्र मे महिन्याच्या धुरकट उन्हात राखाडी दिसत होता. यंदा काजूचा मोहर जळला होता, आंबाही बेताचा होता, पण करवंदं मात्र जाळ्या वाकवून आली होती. हरिश्चंद्र आकडीने फांदी ओढून धरायचा आणि शर्मिला काटे चुकवत काळीभोर तेवढी वेचायची. देठाचा चीक बोटांवर येऊन घट्ट व्हायचा, त्यावर धूळ बसायची. संध्याकाळी रॉकेल लावल्याशिवाय तो निघत नसे.

हरिश्चंद्र पूर्वी चिरेखाणीत होता. चिरे कापायचं यंत्र चालवण्यात त्याचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता. मग चक्कर येऊ लागली, रक्तात साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या आणि खाणीच्या मालकाने त्याला घरी बसायला सांगितलं. तेव्हापासून लग्नाकार्यात पंगतीला बसला की वाढपी लांबूनच ओरडायचे, "हरीच्या पानार जिलबी नको रे, तेका साखर आसा!" सगळी पंगत हसायची. तोही हसायचा. पण पुढे पुढे तो पंगतीला जाईनासाच झाला. मालवणच्या रस्त्यावर, वळणाशी, शर्मिलाने फळांची नि सरबताची टपरी घातली होती. तिथे तो मागच्या बाजूला खोकी उचलायचा आणि माश्या वारायचा.

मागच्या उन्हाळ्यात संचिता आली तेव्हा हे बदललं. सावंतवाडीच्या कॉलेजात शिकणारी, चष्मा लावणारी मुलगी. रानातल्या फळांवर ती काही संशोधन करत होती. करवंदं, जांभळं, तोरणं असं सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घ्यायची. तिला सड्यावरच्या जाळ्या दाखवायला हरिश्चंद्र गेला. परत येताना त्याने विचारलं, ह्या काळ्या फळात एवढं काय आहे म्हणून.

"काका, तुमच्या यंत्राचं पातं पावसात गंजतं ना?" ती म्हणाली होती. "आपलं शरीरही आतून थोडंफार तसंच झिजतं. ह्या काळ्या-जांभळ्या रंगात जी द्रव्यं आहेत ना, ती त्या गंजाला अडवतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आमच्या तपासणीत करवंदात ती भरपूर निघाली."

हरिश्चंद्राने तो शब्द दोनतीनदा घोळवून पाठ केला. दुसऱ्या दिवशी तो टपरीच्या मागून पुढे आला.

त्यानंतर तळेऱ्याचे भाई आले. हायवेवर त्यांचं कोकणी मालाचं मोठं दुकान. करवंदाचं सरबत आणि जांभळाच्या बियांची पूड त्यांनी शर्मिलाकडून घ्यायला सुरुवात केली आणि स्वतःच्या खर्चाने चकचकीत चिठ्ठ्या छापून आणल्या. सरबतावर 'अँटिऑक्सिडंटयुक्त', पुडीवर 'मधुमेहावर रामबाण'. शर्मिलाने ते वाचून विचारलं होतं, "ह्या खरा आसा काय?" भाई हसले होते. "वयनी, जांभळाची बी साखरेवर चालतेच की. आजीच्या वेळेपासून चालते."

आताही, करवंदं घेऊन ती दोघं टपरीवर आली तेव्हा एक गाडी उभीच होती. पुण्याकडची माणसं असावीत. हरिश्चंद्राने टोपली उतरवली, तोंडावरून हात फिरवला आणि त्याचा आवाज एकदम वेगळा झाला.

"साहेब, हा रंग बघा. ह्या रंगात औषध आहे. अँटिऑक्सिडंट. शरीराचा गंज काढतो. मला बघा, मला साखर होती. एक गोळी घेत नाही आता. सकाळी पूड, दुपारी हे सरबत." त्याने पेला भरून सर्वांसमोर गटागटा प्यायला. "कॉलेजात तपासलेलं आहे."

माणसं त्याच्याकडे आदराने बघत होती. एकाने तर वाकून विचारलं, पूड कशी घ्यायची, पाण्यातून की ताकातून. हरिश्चंद्र कमरेवर हात ठेवून सांगत होता.

शर्मिला करवंदं निवडत होती. तिचे हात थांबले. हे बोलणं तिने कितीदा ऐकलं होतं, आणि विकणाऱ्याने थोडं चढवून सांगायचंच, म्हणून सोडून दिलं होतं. त्या सरबतात साखर किती पडते ते तिला ठाऊक होतं. जेवढा रस, तेवढीच साखर.

दुपारी किशोरी आली. वाडीतलीच पोर, आता आशा सेविका. उन्हातून चालत आलेली, पदराने घाम पुसत ती बाकावर टेकली.

"काकी, काका गोळयो दुसरीकडसून घेतत काय?"

"कित्या गो?"

"शिमग्यापासून उपकेंद्रात येवक नाय ते. माका वाटला, अजयन मुंबैसून धाडल्यान."

अजय, त्यांचा मुलगा, मुंबईला कंपनीत होता. त्याने गोळ्या पाठवल्या नव्हत्या. शर्मिलाने पाण्याचा तांब्या किशोरीपुढे ठेवला.

संध्याकाळी घरी जाताना तिने त्याला पायवाटेवरच गाठलं.

"तुमी गोळयो खरोखरच सोडल्यात?"

"मगे? खोटा बोलतंय काय मी लोकांवांगडा?"

"डाक्टराक विचारल्यात?"

"डाक्टरान काय केल्यान माझा? इतकी वर्सा गोळयो गिळलंय. हातात पाना धरूची ताकद रवली नाय. आता बघ, सड्यार चढतंय. लोक माका विचारतत, गो. माका!" त्याने छातीवर बोट ठेवलं. "खाणीतून काढल्यानी तेव्हा एकान तरी विचारल्यान?"

तो पुढे झाला, घराच्या सिमेंटच्या पायरीवर चढला, आणि तिला पायरीवर ओला तांबडा ठसा दिसला. नंतरच्या पायरीवरही. वाटेवरच्या तांबड्या मातीत तो दिसला नसता.

"थांबा. पाय बघू."

अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी करवंदाचा काटा चप्पल भोसकून आत गेला होता आणि मोडला होता. किती वेळ झाला, कोण जाणे. शर्मिलाने सेफ्टीपिन विस्तवावर धरून घेतली. बाजूचं मांस दाबून, उकरून तिने काट्याचं टोक वर काढलं. नखाएवढा लांब होता. काढताना तिचेच दात एकमेकांवर घासले. हरिश्चंद्र मात्र पलीकडे वळून शेजारच्या कुत्र्याला दगड मारत होता.

"दुखला नाय?"

"काय?"

तिने काटा तळहातावर ठेवून त्याला दाखवला. त्याने तो बघितला, आणि क्षणभर त्याच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तो हसला. "बघ. अंग घट्ट झाला माझा."

न दुखण्याचं तिला जेवढं भय वाटलं, तेवढं तो ओरडला असता तर वाटलं नसतं.

हळद लावली, फडकं बांधलं. तो सड्यावर जातच राहिला. जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या, मग राखाडी. बोट फुगून चकाकू लागलं. शर्मिला झाडून काढताना, भाकऱ्या थापताना, बाटल्या उकळताना नाकाने हवा ओढून बघायची. एके दुपारी पडवीत तो आडवा झाला असताना तिला तो वास आला. सुकटीचा म्हणावा तर घरात सुकट नव्हती.

"दवाखान्यात चला."

"शनिवारी भाई गिऱ्हायकांची बस घेवन येतले. त्येंका माका दाखवूचा आसा. मगे बघूया."

"पाय कुसता हा तुमचो!"

"वरडू नको. लोक आयकतत."

त्याच्या अंगात कणकण होती. डोळे लाल झाले होते. अजयने फोनवर बापाला शिव्या दिल्या, बापाने फोन बंद केला. किशोरी साखर तपासायचं यंत्र घेऊन आली तर त्याने हात पाठीमागे लपवले. शेवटी शर्मिला अंगणात फणसाखाली जाऊन उभी राहिली आणि तिने संचिताला फोन लावला. त्या मुलीचा नंबर तिच्याकडे होता, पण फोन करायचं कधी धाडस झालं नव्हतं.

"बाय, तू सांगितलंस तर ते ऐकतील. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत."

शर्मिलाने गोळ्यांचं आणि पायाचं सगळं सांगितलं. मग संचिता म्हणाली, "गोळ्या सोडल्यात? काकू, मी असं कधीच म्हटलं नव्हतं."

"माका ठावक आसा गो. पण तू ये."

ती सकाळच्या एसटीने आली. अंगणात पाऊल टाकताच तिचा चेहरा बदलला. तिलाही वास आला असणार. हरिश्चंद्र तिला बघून उठून बसला, सदरा नीट केला आणि पाय चादरीखाली ओढून घेतला.

"इलंस? यंदा करवंदा बघ कशी आसत! बायल माझी घाबारली उगीच. तू सांग तिका, अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ता."

साखरेचं यंत्र घेऊन पुन्हा आलेली किशोरी दाराशी उभी होती. संचिता खाली जमिनीवर बसली.

"काका, ती द्रव्यं करवंदात आहेत. मी खोटं सांगितलं नाही. फळ म्हणून खाणं चांगलंच आहे. पण आम्ही तपासलं ते काचेच्या नळीत. करवंदाचा अर्क घेतला, दुसरं एक रसायन घातलं, रंग किती उतरतो ते मोजलं. माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं, ते आम्ही बघितलेलंच नाही."

"पण तपासलंत मां?"

"नळीत तपासलं."

"आणि जांभळाची बी?"

"त्याचा थोडाफार उपयोग होत असेलही. मला माहीत नाही, काका. गोळीच्या जागी ती घ्या असं कोणी म्हणू शकत नाही. मी तर नाहीच नाही." तिने चष्मा काढला. "मी तेव्हाच हे पण सांगायला हवं होतं. तुम्ही इतक्या आनंदाने ऐकत होता..."

हरिश्चंद्राने हळूच चादर बाजूला केली आणि स्वतःच्या पायाकडे, बहुधा पहिल्यांदाच, नीट बघितलं. बोट काळं झालं होतं. पिकल्या करवंदासारखं काळं, असं शर्मिलाच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"नळीत," तो पुटपुटला. "आणि मी माणूस."

त्याने उजवा हात किशोरीपुढे केला. तिने बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा बघून ती उठली आणि कोणाला काही न सांगता रिक्षा आणायला धावली.

सरकारी दवाखान्यात त्याला नेलं त्याच दिवशी डॉक्टरांनी दोन बोटं काढली. आणखी उशीर झाला असता तर पाय गुडघ्याखाली ठेवता आला नसता, असं म्हणाले. तरीही उरलेल्या पायाचं अजून काही दिवस सांगता येत नाही, म्हणाले. शर्मिला व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्या 'काही दिवसां'कडे बघत होती. अजय रजा मिळवून निघाला होता. वाडीतून कोणी फोन केला तर ती सांगायची, "ते पडले. घसारले सड्यार." का सांगत होती, तिलाच कळत नव्हतं.

भाई भेटायला आले ते शहाळी घेऊन. त्यांनी आत जाऊन हरिश्चंद्राला बघितलं, बाहेर येऊन रुमालाने मान पुसली.

"वाईट झालं, वयनी. पण हरी पडला म्हणून तुम्ही सांगताय ते बरंय. तेच सांगा. आता कसंय, सीझन आहे. उगाच एक गोष्ट पसरली की..."

तेवढ्यात शर्मिलाचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार काकू, मी वैभववाडीहून पूजा बोलतेय. पुडीवर तुमचा नंबर होता. आणखी दोन पाकिटं मिळतील का? सासऱ्यांना हवीत. तुमच्या मिस्टरांनी त्यांना एवढं समजावून सांगितलं ना, तेव्हापासून त्यांनी गोळ्या बंदच केल्यात."

शर्मिला बाकावरून उठली.

"कसे आहेत ते?"

"बरे आहेत की. हलकं वाटतं म्हणतात. फक्त तहान फार लागते. रात्री सारखे उठतात."

भाई समोर उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी हात आडवा हलवला, नको. शर्मिलाने त्यांच्याकडे पाठ केली.

"बाय, ऐक. त्यांना आजच्या आज दवाखान्यात ने. गोळ्या चालू कर. पूड फेकून दे."

"म्हणजे? असं का म्हणताय?"

"माझे मिस्टर इथं ॲडमिट आहेत. त्यांनी पण गोळ्या सोडल्या. त्यांच्या पायाची बोटं कापली. सासऱ्यांचे पाय बघ, जखम आहे का. त्यांना दुखणार नाही, तू बघ."

मग पूजाचा आवाज चढला. "मग विकता कशाला हो तुम्ही? माणसं मारायला?"

फोन बंद झाला. शर्मिलाने परत लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. भाई म्हणाले, "कशाला ओढवून घेतलंत?" आणि शहाळ्याची पिशवी बाकावर ठेवून निघून गेले. ती फोन हातात धरून बसून राहिली. मध्येच आत जाऊन हरिश्चंद्राला पाणी पाजायची, बाहेर येऊन पुन्हा नंबर लावायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचा फोन उचलला गेला. "नेलंय त्यांना दवाखान्यात. परत फोन करू नका," एवढंच पूजा बोलली. शर्मिलाने कपाळ भिंतीला टेकवलं. भिंत गार होती.

हरिश्चंद्राला तिने सगळं सांगितलं. ताप उतरला होता, बँडेज बांधलेला पाय उशीवर होता.

"आणखी कोण कोण असतीत?" तो म्हणाला.

"काय ठावक."

"तो पुण्याचो, ताकातसून घेवची काय म्हणान इचारणारो. एक कोल्हापूरची म्हातारी होती, तिना माझ्या पायार हात लावल्यान." त्याने डोळे मिटले. "मी नाव खंय इचारलंय कोणाचा? गाडी थांबली, सांगलंय, गेली."

घरी आल्यावर शर्मिलाने पहिलं काम केलं ते टपरीतल्या बाटल्या गरम पाण्यात घालून भाईंच्या चिठ्ठ्या सोलून काढायचं. पुडीची पाकिटं तिने फोडून फणसाच्या मुळात ओतली. भाईंनी माल घेणं बंद केलं. वाडीत आता खरं कळलं होतं आणि काही जण टपरीवरून जाताना मुद्दाम विचारायचे, "काय हरी, गंज गेलो काय?"

त्याने घरात पडून राहावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो राहिला नाही. त्याला फार बोलायला लावलं तेव्हा एवढंच म्हणाला, "गेलेली गाडी परत खंयसून जातली? ह्याच रस्त्यान." शर्मिलाने मग अजयला सांगून प्लॅस्टिकची खुर्ची टपरीपुढे ठेवली. उपडी टोपली, वर गादीचा तुकडा, त्यावर पाय. सकाळी तिने दिलेली गोळी तिच्यासमोर गिळायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचं.

गाडी थांबली की तो आधी चेहरा निरखायचा. मग विचारायचा, "पूर्वी येऊन गेलात काय? पूड नेली होती?" बहुतेक नाही म्हणायचे. काही बायका त्याच्या पायाकडे बघून करवंदं न घेताच गाडीत बसायच्या. एकाने विचारलं, "मग ह्या करवंदांचा फायदा काय?" शर्मिला म्हणाली, "आंबट-गोड लागतात. खाऊन बघा." त्याने पानावरची चार करवंदं खाल्ली, पान भरून घेतलं.

दिवस सरत होते. समुद्रावर ढग जमू लागले होते, पर्यटकांच्या गाड्या विरळ होत चालल्या होत्या. हरिश्चंद्र संध्याकाळी खुर्चीतून उठताना रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघायचा. आज कोणी नाही. उद्याही कोणी नाही आलं तर? त्या म्हातारीचं काय झालं असेल? तो असं मोठ्याने म्हणत नसे, पण शर्मिलाला ते ऐकू यायचं. पावसाळा लागला की हा रस्ता ओस पडणार होता.

एका दुपारी वळणावर पांढरी गाडी थांबली. मागची काच खाली झाली आणि साठीतला एक माणूस हसत खाली उतरला. चालताना तो जरासा झुकत होता आणि शर्ट त्याच्या खांद्यांवरून सैल लोंबत होता.

"काय काका, ओळखलंत का? तुमची पूड संपली बघा."

हरिश्चंद्र पाय विसरून उठायला गेला. टोपली कलंडली. बँडेज जमिनीला टेकलं, पण तो थांबला नाही. खुर्चीच्या हाताला धरून तो उभा राहिला.

"ओळखलं," तो म्हणाला. "ताकातून घ्यायची का विचारलं होतं तुम्ही. साहेब, आधी सांगा, गोळ्या चालू आहेत ना?"

माणूस हसला आणि गाडीकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का गं? हेच विचारतायत!" मग हरिश्चंद्राकडे वळला. "कसल्या गोळ्या? तुम्हीच तर..."

हरिश्चंद्राने पुढे होऊन त्याचं मनगट घट्ट धरलं. शर्मिलाने हातातली करवंदं ओट्यावर टाकली आणि बाक ओढून त्या माणसाच्या मागे सरकवला.

"बसा," हरिश्चंद्र म्हणाला. "जाऊ नका. आधी माझा पाय बघा."